एका ठिपक्यातली चार घरं

"घरं बघायला जाऊ नका. घर बघितलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की दया येते, आणि दया आली की काम लांबतं. नकाशा बघा."

प्रशिक्षण द्यायला आलेले गृहस्थ एवढं सांगून दुपारच्या गाडीने परत गेले. आमची वसाहत त्यांनी पाहिली नाही. स्वतःच्या शिकवणुकीला इतका जागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून वसाहत कार्यालयाचा कारभार नकाशावर चालू लागला. वसाहत म्हणजे ज्यांना बाहेरचं भाडं झेपत नाही अशांसाठी बांधलेली सरकारी घरं. अठ्ठावीस इमारती, प्रत्येकीला तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या दोन्ही अंगांना एकेक घर. पूर्वी आमच्याकडे एक पाहणी निरीक्षक होते. ते महिन्यातून एकदा जिने चढायचे, दार वाजवायचे, आत कोण राहतं ते वहीत लिहायचे आणि गुडघे धरत खाली उतरायचे. या पद्धतीत दोन दोष होते. पहिला म्हणजे निरीक्षकांचे गुडघे. दुसरा जास्त गंभीर होता. ते सगळ्यांना ओळखायचे, त्यामुळे कोणाचं घर काढून घ्यायची वेळ आली की त्यांना पाण्याचा ग्लास लागायचा. नव्या पद्धतीत दोन्ही दोष एकदम दूर झाले. निरीक्षकांना त्यांच्या गुडघ्यांसकट मुदतीआधी निवृत्त करण्यात आलं.

मग प्रत्येक रहिवाशाच्या मोबाइलमध्ये कार्यालयाचं ॲप बसवलं. फोन जिथे असेल तिथे नकाशावर हिरवा ठिपका उमटायचा. ठिपका दिवसातले सोळा तास घरात असला, तर घर वसलेलं. नसला, तर घर रिकामं. रिकामं असलं, तर ते प्रतीक्षा यादीतल्या गरजूला द्यायचं. हेतू उदात्त होता. आमच्या कार्यालयाचा हेतू कायमच उदात्त असतो, तसं दारावर लिहिलेलंच आहे.

मी हरकती विभागात बसते. लोकांचे अर्ज घ्यायचे, त्यांना क्रमांक द्यायचा आणि 'कळवू' म्हणायचं, हे माझं काम. माझा आवाज मुळातच मऊ असल्यामुळे ही नेमणूक झाली. रोज सकाळी देवासमोर हात जोडून मी म्हणते की आज माझ्या हातून कोणाचं वाईट होऊ नये, आणि साडेदहाला येऊन हजेरी लावते.

पहिल्याच महिन्यात नकाशाने एक मोठा गैरप्रकार उजेडात आणला. घरं दोनशे चोवीस वाटलेली, आणि पडद्यावर ठिपके मोजले तर छप्पन्न. साहेबांनी चष्मा पुसला आणि चित्र मोठं करून पाहिलं. एकेका ठिपक्यात चार-चार कुटुंबं कोंबलेली होती.

साहेब हळहळले. एवढ्याशा जागेत चार संसार म्हणजे फार झालं, म्हणाले, लोकांना काही लाज कशी नाही. मी हळूच सांगितलं की साहेब, ती घरं एकावर एक आहेत, इमारतींना मजले आहेत. साहेबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नकाशा आकाशातून पाहिल्यासारखा होता. त्यात लांबी होती, रुंदी होती. उंची नव्हती. नकाशा मागवताना ती मागायची राहून गेली होती, आणि ठेकेदाराचं उत्तर आलं होतं की उंचीचा विचार पुढल्या टप्प्यात करता येईल.

"बाई," साहेब म्हणाले, "मजले आहेत असं तुम्ही म्हणताय. नकाशा म्हणत नाही. उद्या मुख्यालयातून विचारणा झाली, तर तुमचं नाव सांगू का?"

मी नको म्हटलं. तो प्रश्न तिथे मिटला. आमच्याकडचे बरेच प्रश्न असेच मिटतात.

यातून 'पुनरुक्ती निर्मूलन मोहीम' निघाली. एका ठिपक्यात कुटुंब एकच, ते मूळ. बाकीची तीन म्हणजे त्याच नोंदीच्या नकला. मूळ कोणतं हे ठरवायला निकष अगदी निःपक्षपाती होता, ज्याने ॲप आधी बसवलं तो मूळ. ॲप बसवायच्या दिवशी तळमजल्यावरच्यांना जिना उतरायचा नसल्यामुळे ते रांगेत पहिले पोचले होते. वरच्या तिन्ही मजल्यांना नोटिसा गेल्या, 'आपण तळमजल्यावरील रहिवाशाची पुनरुक्ती असल्याचे निदर्शनास आले आहे. आपण स्वतंत्र असल्याचे पंधरा दिवसांत सिद्ध करावे, अन्यथा आपणास वगळण्यात येईल.'

अकराव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी ती नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. खांद्यावर मापाची टेप तशीच होती. एकतीस वर्षं त्या त्याच घरात राहत होत्या. सोबत मोठा भाऊ. अख्खी वसाहत त्याला दादा म्हणते. दादा रंगारी होते. याच इमारतींना रंग देताना परांची तुटून पडले, तेव्हापासून कमरेखालचं अंग हलत नाही. त्याबद्दल हे घर मिळालं. दादांची खाट खिडकीशी, मावशींचं शिलाई मशीन खाटेशी, असा तो संसार.

मावशींनी नोटीस दोनदा वाचून दाखवली. तळमजल्यावरचे मास्तर आपल्या खाली राहतात हे त्यांना माहीत होतं, म्हणाल्या, पण आपण म्हणजेच मास्तर हे आत्ता कळलं. "मग आधी मास्तरीणबाईंना विचारून घ्या हो, ताई. त्यांना चालणार आहे का?"

मी हसले नाही. हरकती विभागात हसायचं नसतं.

मग त्यांनी टेप खांद्यावरून काढून हातात गुंडाळली. "थट्टा राहू द्या. घर गेलं तर दादाला उचलून मी कुठे जाऊ, तेवढं सांगा."

मी म्हटलं, कळवू.

तोडगा नकाशाच्या तंत्रज्ञाने काढला. तो फार हुशार होता, दिवसभर पडद्याकडेच बघायचा. दोन ठिपक्यांत पाच मीटरचं अंतर असलं की नकाशा ते वेगळे धरतो, असं त्याने सांगितलं. म्हणजे ज्याने त्याने आपापला फोन घरातल्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवायचा, की झाली घरं स्वतंत्र. लोकांना हायसं वाटलं. पण घराची लांबी सात मीटर. पाच मीटरचं अंतर राखून तिथे दोनच ठिपके बसतात. मास्तरांचा फोन पुढच्या खोलीत, तो मूळ, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरने लगोलग आपला फोन मोरीच्या फळीवर नेऊन ठेवला आणि जागा धरली. दुसऱ्या मजल्यावरची नर्स समजूतदार निघाली, ती बहिणीकडे राहायला गेली. मावशींना जागा उरली नाही.

तंत्रज्ञाने पडद्यावर बोट ठेवलं. भिंतीच्या बाहेर भरपूर जागा होती.

मावशी म्हणाल्या, बाहेर तर हवा आहे. तो म्हणाला, ठिपक्याला काय त्याचं.

त्या दिवशी मावशींनी जुन्या गोधडीचा एक तुकडा कापून फोनसाठी पिशवी शिवली. धूळ जाऊ नये म्हणून वर झाकण, झाकणाला बटण. काम इतकं नेटकं होतं की तंत्रज्ञाने स्वतःच्या फोनसाठी तसलीच एक शिवून मागितली. कपडे वाळत घालायची लांब काठी दादांच्या खिडकीतून बाहेर काढली आणि तिच्या टोकाला पिशवी टांगली. पडद्यावर नवा हिरवा ठिपका टुणकन उमटला. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. 'तंत्रज्ञानातून न्याय' या मथळ्याखाली मावशींची यशोगाथा कार्यालयाच्या पत्रिकेत छापून आली. फोटो काठीचा होता.

एक छोटीशी अडचण राहिली. फोन वाजला की मावशी काठी आत ओढायच्या, आणि नकाशा त्याची 'स्थलांतर' म्हणून नोंद करायचा. एका आठवड्यात त्यांनी चौदा वेळा घर बदललं. वारंवार घर बदलणाऱ्याची पात्रता तपासावी लागते, असं पत्र गेलं. मग मावशींनी फोन घेणं सोडलं. तो वाजायचा आणि त्या मशीन चालवायच्या. हळूहळू गिऱ्हाइकांनी फोन करणं सोडलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग आमच्याच कार्यालयातल्या, आमच्याच मजल्यावरच्या, माझ्या टेबलापासून सहा टेबलं पलीकडे असलेल्या अतिक्रमण विभागाने नकाशा उघडला. अकराव्या आणि बाराव्या इमारतीच्या मधल्या पायवाटेवर एक कुटुंब रोज सोळा तास मुक्काम ठोकून असल्याचं त्यांना आढळलं. त्यांनी पायवाटेच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. पायवाटेवर ती कोणी घेतली नाही. नोटीस घ्यायला नकार, म्हणजे गुर्मी. पथक पाठवण्यात आलं.

पथकात चार माणसं, एक टेम्पो आणि एक कॅमेरा होता. ते येऊन मोकळ्या पायवाटेवर उभे राहिले. डोक्यावर पिशवी लोंबत होती. मावशींनी खिडकीतून विचारलं, काय शोधताय. पथकप्रमुखाने सांगितलं, इथे राहणाऱ्या बाईंना. मावशी म्हणाल्या, मीच ती, या वर, चहा टाकते. पथकप्रमुख सभ्य माणूस होता. त्याने टोपी काढून उत्तर दिलं.

"वर आमची हद्द नाही, मावशी. तुम्ही खाली असता तर बोललो असतो."

कारवाईला दोन फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा. नंतरचा तयारच होता. आधीच्यासाठी पथकातले दोघे थोडा वेळ पायवाटेवर मांडी घालून बसले. पंचनाम्यात लिहिलं, 'सदर ठिकाणची महिला व एक आजारी इसम यांचे वास्तव्य शांततेत हटविण्यात आले.' पडद्यावरचा हिरवा ठिपका तांबडा झाला. मावशी वरून बघत होत्या. बघून झाल्यावर त्यांनी बाहीला बटण लावायला घेतलं.

याच सुमारास मास्तरांची हरकत माझ्याकडे आली. सुंदर अक्षर, समास सोडलेला. वरून दिवसभर शिलाई मशीनची खडखड ऐकू येते, वाचनात व्यत्यय येतो, बंदोबस्त व्हावा. मी ती नकाशावर तपासायला दिली आणि उत्तर आलं, 'आपल्या निवासाच्या वर निवास नाही. सबब आवाज नाही.' मास्तर लाल होऊन आले. गेली कित्येक वर्षं आपण ती खडखड ऐकतोय, म्हणाले, आपल्याला काय वेड लागलंय का. मला फार बरं वाटलं. कारण मावशी वर राहतात याचा लेखी पुरावा अखेर एका शिकलेल्या माणसाच्या अक्षरात कार्यालयात पोचला होता.

पण साहेबांनी त्यांना आत बोलावलं, बसवलं, आणि नकाशा दाखवून समजावलं की त्या सबंध ठिपक्याचे मूळ रहिवासी आता तेच. नकला वगळल्या की वरची रिकामी घरं मूळ रहिवाशाला वाढीव जागा म्हणून मागता येतात. मास्तरांच्या लेकीचा संसार अडचणीच्या जागेत चाललाय, असं ऐकलं होतं साहेबांनी.

मास्तरांनी शांतपणे आपला अर्ज परत मागितला आणि खिशात घातला. त्या दिवसापासून त्यांना खडखड ऐकू येणं बंद झालं. काही आजार असे झटक्यात बरे होतात.

मावशींना वगळायचं की नाही, याची सुनावणी लागली. सुनावणीला आल्यावर दारातल्या यंत्रापुढे फोन धरायचा, म्हणजे हजेरी लागते. फोन आणला तर आणखी एक स्थलांतर नोंदलं जाणार. म्हणून मावशी फोन काठीवर सोडून, दादांच्या उशाशी पाणी ठेवून, नुसत्याच आल्या. साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी पडदा पाहिला आणि मला लिहायला सांगितलं, अर्जदार गैरहजर.

"मी इथे उभी आहे की, साहेब."

"दिसताय ना. पण मला दिसलेलं चालत नाही, बाई. माझ्या हातात काय आहे?"

मावशींनी खरोखरच त्यांच्या हाताकडे पाहिलं. पेन होतं.

साहेबांना अगदीच निर्दय म्हणता येणार नाही. त्यांनी गैरहजर अर्जदाराला खुर्ची दिली आणि चौकशी केली. भावाला काय झालंय, विचारलं. मावशी म्हणाल्या, पडला. कुठून पडला? तिसऱ्या मजल्यावरून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, हे लिहून घेणं अवघड आहे, कारण नकाशाप्रमाणे त्या जागी पडण्यासारखं काही नाही. 'जमिनीवरून जमिनीवर पडले' असं लिहिलं तर चालेल का? मावशी म्हणाल्या, लिहा, पण तेवढ्याने पाय हलणार असतील तर आधी सांगा, त्याला चपला घेऊन ठेवते.

हे मी लिहून घेतलं नाही.

शेवटी साहेबांनी एक वाट काढली, आणि ती खरोखर सोपी होती. नियमावलीच्या शेवटच्या पानावर 'परिचिताचे निवेदन' नावाचं एक जुनं कलम होतं, काढून टाकायचं राहून गेलेलं. मावशींना ओळखणाऱ्या कोणाही एका माणसाने 'ही बाई अमुक ठिकाणी राहते' एवढं एक वाक्य लिहून खाली सही करायची. मुदत सात दिवस. शेजारीच हवा असं नाही, नातेवाईकच हवा असं नाही. फक्त ओळखणारा हवा. तेवढी सही आली, तर घर राहील.

मावशींनी सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. पोलक्याला पाठीमागून हुक चांगले की पुढून, यावर आमचं दोघींचं बोलणं झालेलं होतं. कर्मचाऱ्यांना अशी सही करता येत नाही, असं मी त्यांना मऊ आवाजात सांगितलं. कलम मी घरी जाऊन नीट वाचलं. तसं काही त्यात लिहिलेलं नाही.

पुढचे सहा दिवस मावशी कोरा अर्ज घेऊन हिंडल्या. कुठे काय झालं ते त्या रोज येऊन सांगायच्या, कोणाला दोष न देता, जणू हवामान सांगतायत. बसड्रायव्हर म्हणाला, मोरीतली जागा मोठ्या मुश्किलीने मिळालीय, कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचं. नर्स म्हणाली, सही केली असती हो, पण आपण तिथे राहतच नाही असं लिहून दिलंय. ज्यांच्या मुलींच्या लग्नाचे कपडे मावशींच्या हातचे, त्यांनी सांगितलं की तुम्हाला कोण ओळखत नाही, आमच्या सहीची काय गरज. एकीने तर पेनसुद्धा उघडलं होतं, पण नवऱ्याने आतून विचारलं, कोण आहे. ती म्हणाली, कोणी नाही.

सहाव्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी आदराने बसवलं. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, म्हणाले, पण खरं म्हणजे काय, तर जे सिद्ध होतं ते. या वयात असिद्ध गोष्टीवर सही करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मावशी उठल्या. तेव्हा मास्तरांना आठवलं की त्यांचा कोट बाह्या आखूड करायला मावशींकडेच आहे. कार्यालयाने त्यांना यंदाचे आदर्श रहिवासी ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्कार होता.

"तेवढं सत्काराआधी मिळेल ना, मावशी?"

"सहाच्या आत आणून देते, मास्तर. शब्द देते."

सातव्या दिवशी पाचच्या सुमारास मावशी माझ्या टेबलाशी आल्या. अर्ज टेबलावर ठेवला. घडीच्या खुणा पडल्या होत्या, बाकी कोरा. काखेत कागदात बांधलेला कोट होता. दोन्ही बाह्या मोजून उसवून पुन्हा शिवल्या होत्या, आणि आतलं फाटकं अस्तरही कोणी न सांगता बदललं होतं. दादांबद्दल विचारायचं माझ्या ओठावर आलं. त्या स्वतःच म्हणाल्या की त्याला अजून सांगितलेलं नाही, तो खिडकीतून पिशवीकडे बघत पडलेला असतो आणि वारा आला की सांगतो, बघ, आपलं घर हललं.

माझ्या टेबलापुढच्या, अर्ज घ्यायच्या खिडकीची वेळ साडेपाचपर्यंतची. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता तुम्हालाच सांगते. मावशी कुठे राहतात, त्यांच्या खाटेशी काय आहे, खिडकीशी कोण आहे, हे सगळं आता तुम्हालाही ठाऊक झालंय. म्हणजे कलमाप्रमाणे तुम्हीही परिचितच झालात. अर्ज इथेच आहे, पेनचं टोपण मी काढून ठेवलंय, आणि वाक्य एकच लिहायचंय. तुम्हाला वाईट वाटलं असेल, ते मला दिसतंय. पण आमच्या अर्जात वाईट वाटण्याचा रकाना नाही. आणि तुम्ही आत्ता मनातल्या मनात जे म्हणालात ना, की आपण काही त्या वसाहतीत राहत नाही, तेही मी या सहा दिवसांत बऱ्याच जणांकडून ऐकलंय. क्रमांक हवा असेल तर देते. कळवू.

साडेपाच वाजले. मी खिडकीची फळी खाली ओढली.

कोटाच्या पुडक्याची सुतळी जराशी सैल झाली होती ती मावशींनी घट्ट केली, पुडकं काखेत नीट धरलं, आणि मास्तरांच्या दाराकडे चालू लागल्या.